वाघ पाहिलात, आता पाणी पाहा!

ताडोबाच्या गेटवरून गाडी मागे न वळवता तशीच पुढे न्या. चंद्रपूर ते सिरोंचा, तळ्या-नद्यांच्या वाटेवरची एक वेगळी सफारी.

चंद्रपूरचं नाव काढलं की ऑफिसात दोनच प्रश्न येतात. ‘वाघ दिसला का?’ आणि ‘ऊन किती होतं?’ पाण्याबद्दल कुणी विचारतच नाही. खरं तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातले चांगले पाणीदार जिल्हे. वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी अशा नद्या, आणि तळी तर मोजता मोजता दमाल. तरी इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा, दहा मिनिटांत गप्पा पाण्यावर येतात. आणि सूर तक्रारीचा असतो.

एक धरण, दोन गिऱ्हाइकं

मोहर्लीच्या रस्त्यावर इरई धरणाचं पाणी दिसलं की फोटोसाठी सगळेच थांबतात. याच धरणातून चंद्रपूरच्या नळांना पाणी जातं आणि २,९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रालाही. वाफ करायची तर पाणी, यंत्रं थंड ठेवायची तरी पाणी. २०१० च्या उन्हाळ्यात धरण इतकं आटलं, की केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले. म्हणजे आपण मुंबई-पुण्यात एसी १८ वर लावून बसतो, तेव्हा त्यात थोडं इरईचं पाणीही खर्ची पडत असतं!

शहरातल्या गोंडकालीन रामाळा तलावाची गोष्टही ऐकण्यासारखी. सांडपाणी आणि जलपर्णीने तो गुदमरला, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत ‘इको-प्रो’चे बंडू धोत्रे थेट उपोषणाला बसले. त्यानंतर गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं.

हे मामा कोण?

चंद्रपूर सोडून मूल-सावलीच्या रस्त्याला लागलात की धानाच्या बांध्या सुरू होतात आणि दर काही अंतरावर एक तळं. लोक म्हणतात ‘मामा तलाव’. हे मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’! पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. इथला खडक कठीण, पाणी जमिनीत फारसं मुरत नाही आणि पाऊस चार महिन्यांत आटोपतो. मग पाणी अडवायचं कुठे? उतारावर मातीची पाळ घालून. वरच्या तळ्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्याही खालच्या बोडीत. इंजिनीअरिंगची डिग्री नसलेल्या माणसांनी केलेलं एकदम सॉलिड डिझाइन!

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. चांद्याच्या जुन्या महसुली भाषेत अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आहे. पुढे तलाव मालगुजारांकडे गेले. पण गावाचे हक्क शाबूत होते आणि पाळ दुरुस्त करायला गावच उतरायचं. मग १९५० चा कायदा आला, मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे. जमीनदारी जाणं योग्यच होतं. पण पाळ कुणी बघायची, हा प्रश्न कागदावरच राहिला. गाळ साचला, काठाने बेशरम माजली, कडेकडेने अतिक्रमणं आली.

मूलच्या अलीकडे पाळीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळं धोरण एका वाक्यात सांगितलं : ‘पानी आमच्या डोऱ्यासमोर हाय, पन मालक कोन हाय तेच समजून नाई राहिलं.’

धानाला शेवटचं पाणी लागतं ते पाऊस परतताना. तेवढं तळ्यातून मिळालं तर पीक घरात, नाही तर वर्ष गेलं. म्हणून दुरुस्ती हवीच. २०१४ नंतर जलयुक्त शिवार, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण अशा योजना आल्या आणि जेसीबी तळ्यात उतरले. पण नुसतं खोल खणून भागत नाही. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, ज्या पातळीला असतं त्याच्या खालचं पाणी आपोआप शेतात जात नाही. वर गवत, कमळं, शिंगाडा उपटला गेला की मासळीची अंडी घालायची जागाही जाते आणि ढिवरांच्या पोटावर पाय येतो. एका तळ्यावर शेतकरी आणि मासेमार दोघेही जगतात. जेसीबीवाल्याला दोघांपैकी कुणाला विचारायचं हे माहीत नसतं.

नदीचा निरोप

व्याहाड ओलांडलं की वैनगंगेचा पूल. पलीकडे गडचिरोली. वरच्या अंगाला भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. भूमिपूजन १९८८ चं, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा २००९ मध्ये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरून प्रचंड पाणी सोडलं गेलं आणि ब्रह्मपुरी, वडसा भागातली गावं बुडाली. जुलै २०२२ मध्ये पुन्हा पूर. धरण किती भरायचं, कधी सोडायचं आणि खाली निरोप कधी द्यायचा, हे गणित इथे पुस्तकातलं नाही. घरात शिरणाऱ्या पाण्याचं आहे.

सिरोंचा : वाद संपत नाही तिथे

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. सिरोंच्याला ती गोदावरीत शिरते. रुंद पात्र, पलीकडे तेलंगण, संध्याकाळी नजर ठरत नाही. थोडं खाली मेडीगड्डा बराज आहे. २०१६ मध्ये दोन राज्यांचा करार झाला, जून २०१९ मध्ये उद्घाटन. पाणी विदर्भातून येतं, लाभ बहुतेक पलीकडे, आणि बुडित इकडच्या काही शेतांत. सिरोंच्यात विरोध झाला, तरी बराज उभा राहिला. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांबच खचले आणि साठवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं.

याच पट्ट्यात १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध बाबा आमटे आणि आदिवासी एकत्र उभे राहिले होते. ती धरणं झाली नाहीत. म्हणजे इथल्या माणसाला पाण्याचं कळत नाही, हे तर कुणी म्हणूच नये.

परतताना धानोरा रस्त्यावरच्या मेंढा-लेखाला थांबा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव. इथे आधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो, पण ठरलेलं टिकतं. तळ्यांचे आणि धरणांचे निर्णय याच पद्धतीने झाले तर? पाळीवरच्या त्या आजोबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर निदान शोधता तरी येईल.

कसं जाल?
नागपूरहून चंद्रपूर साधारण १५० किमी, तिथून मूल-सावलीमार्गे गडचिरोली ८० किमी. सिरोंच्यासाठी आणखी दोनशेच्या वर किलोमीटर, म्हणून मुक्काम ठेवूनच निघा. वाटेत वैनगंगेकाठचं मार्कंडा देवस्थान चुकवू नका. तळी भरलेली पाहायची तर ऑक्टोबर ते जानेवारी बेस्ट. भर पावसात भामरागडकडे पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जातो, तेव्हा चौकशी करूनच गाडी काढा.