अल्बममध्ये न आलेलं घर

जुन्या मराठी घरांतले अल्बम उघडले की एक गोष्ट हमखास दिसते : सगळे उन्हात उभे असतात. अंगणात, गच्चीवर, नाहीतर वाड्याच्या दिंडीदरवाज्यासमोर. डोळे बारीक केलेले, कपाळाला आठ्या, मुलांचे केस तेल लावून चापून बसवलेले. लग्नामुंजीला फोटोग्राफर फ्लॅश घेऊन यायचा, तेव्हा मांडवातले फोटो मिळायचे. पण चुलीपुढे बसलेली आजी, दळण निवडणारी आई, कंदिलाची काच पुसणारे आजोबा असे फोटो शोधूनही सापडत नाहीत. ही कामं कुणाला फोटो काढण्याजोगी वाटली नसतील, हे थोडंफार खरं असेलही. पण निरनिराळे कॅमेरे हाताळताना मला त्याचं दुसरं कारण दिसलं. घरातल्या उजेडात त्या कॅमेऱ्यांचा निभावच लागत नव्हता.

आमच्या घरचा आग्फा क्लिक थ्री अजून चालतो. हा पूर्वी भारतात तयार होणारा, मध्यमवर्गाला परवडणारा कॅमेरा. १२० च्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो. साधी लेन्स, बारीक छिद्र, शटरचा एकच ठरलेला वेग. उन्हात नेला की काम चोख. घरात आणला की फिल्मवर जेमतेम सावल्या उमटतात. त्यात त्या काळच्या फिल्मही मंद. फोटो काढायच्या आधी ‘चला, सगळे बाहेर या’ अशी हाक घरोघरी दिली जायची, ती यामुळेच. जी माणसं दिवसभर माजघरात आणि स्वयंपाकघरात असायची, ती अल्बममध्ये आली ती सणावाराला, ठेवणीतली साडी नेसून, उंबऱ्याबाहेर.

हे लक्षात आल्यापासून स्वस्तातल्या पन्नास एमएम, एफ/१.८ च्या लेन्सकडे मी फार आदरानं बघतो. एफ/११ इतक्या बारीक छिद्रातून जेवढा प्रकाश आत येतो, त्याच्या पस्तीस पटींहून जास्त प्रकाश एफ/१.८ मधून येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ/५.६ वर येते. तिच्याशी तुलना केली तरी हा फरक नऊ-दहा पटींचा आहे. स्वयंपाकघरात सकाळी एका खिडकीतून येणारा उजेड पुरतो की पुरत नाही, हे एवढ्या फरकावर ठरतं.

ही लेन्स स्वस्त का, हेही समजून घेण्यासारखं आहे. तिच्या आतल्या काचांची मूळ मांडणी शतकाहून जुनी आहे. झाइसमधल्या पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये प्लॅनर लेन्स तयार केली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच काचा, म्हणून एका बाजूचे दोष दुसरी बाजू बऱ्याच अंशी भरून काढते. या मांडणीला ‘डबल गाऊस’ म्हणतात. तिच्यात पुढे सुधारणा होत गेल्या, आणि सहा काचांत उत्तम पन्नास एमएम कशी बनवायची हे कारखान्यांना पाठ झालं. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये आरसा फिरायला जागा सोडावी लागते. पन्नास एमएमला ती जागा सहज मिळते. चोवीस किंवा अठ्ठावीस एमएमसाठी मात्र जादा काचा घालून ती जागा निर्माण करावी लागते, आणि किंमत वाढते. कॅननने १९९० मध्ये काढलेली ५० एमएम एफ/१.८ टू हिचं तर माउंटही प्लास्टिकचं होतं, वजन अवघं १३० ग्रॅम. त्या कंपनीनं काटकसर केली ती बाहेरच्या अंगावर. आतलं गणित पक्कं होतं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी आई भाकऱ्या करते तेव्हा ओट्यावर डावीकडून तिरपा उजेड येतो. मी दीडेक मीटरवर, फ्रिजला पाठ टेकून उभा राहतो. आयएसओ ८००, एफ/१.८. एवढ्या अंतरावरून माझ्या कॅमेऱ्याच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. आईचा चेहरा स्पष्ट हवा की हात, हे आधी ठरवावं लागतं; दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी हात निवडतो. फोकस परातीच्या काठाशी, जिथे तिचा अंगठा येतो तिथे. शटर १/६० ठेवलं की थापणारा उजवा तळवा पुसट होतो आणि भाकरीची कड मात्र कोरल्यासारखी स्पष्ट येते. १/२५० ला तळवाही जागच्या जागी थांबतो, पण मग भाकरी थापतानाची लय जाते. मला १/६० चाच फोटो आवडतो. भाकरी तव्यावर टाकून ती पाण्याचा हात फिरवते, तेव्हा वाफ उठते आणि खिडकीच्या उजेडात क्षणभर दिसते. वाफेचा फोटो हवा असेल तर एफ/२.८ वर जाऊन बोट शटरवर तयार ठेवायचं.

‘अरे, साडी तरी बदलू दे,’ ती सुरुवातीला म्हणायची. आता म्हणते, ‘बाजूला हो, करपेल.’ दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचायला रोज तिथे उभं राहावं लागतं. कॅमेरा हा घरातल्या माणसांना पाहुणा वाटेनासा झाला, की खरे फोटो सुरू होतात.

यासाठी लेन्स स्वस्त असण्याला फार महत्त्व आहे. प्रत्येक घरात ठेवणीतली भांडी वेगळी आणि रोजच्या वापरातली वेगळी. महागडी लेन्स ठेवणीत जाते. तिला पिठाचा हात लावायचा नाही, फोडणीजवळ न्यायची नाही, पावसात बाहेर काढायची नाही. वापरातली लेन्स टेबलावर, पिशवीत, दाराच्या खुंटीला असते. पावसाळ्यात तर तिचाच फायदा होतो. कातडी पाऊचमध्ये कपाटात बंद करून ठेवलेल्या काचेवर बुरशी धरते, हे आपल्याकडे कोकणापासून पुण्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. रोज उजेडात-वाऱ्यात फिरणारी लेन्स बहुतेक वेळा त्यातून वाचते. नसेल वापरायची तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, एवढा बंदोबस्त पुरतो.

पन्नास एमएमला घरात एक अडचण येते. क्रॉप सेन्सरवर ती पंच्याहत्तर-ऐंशी एमएमइतकी अरुंद दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे मी पस्तीस लावतो. पस्तीसमध्ये आईबरोबर तिचं फडताळ, कॅलेंडर, मिक्सर आणि खुंटीवरची पिशवीही येते. पन्नास माणसाकडे बघते, पस्तीस माणसाच्या संसाराकडे बघते. घराचे फोटो काढायचे तर दोन्ही हव्यात, आणि दोन्ही सेकंडहँड मिळून एका चांगल्या झूमपेक्षा स्वस्त पडतात.

बाहेर मंडईत जाताना मिररलेस बॉडी नेतो, आणि तिच्यावर सोव्हिएत काळातली हेलिओस ४४-२. अठ्ठावन्न एमएम, एफ/२. झाइसच्या बायोटारवरून घेतलेली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर येणारी. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर खूप कमी असतं, सोनीच्या ई माउंटमध्ये अवघं १८ मिलिमीटर. त्यामुळे मधे साधी पोकळ कडी घालून कुठलीही जुनी एसएलआरची लेन्स बसवता येते. ऑटोफोकस नाही. धातूची जड रिंग बोटांनी फिरवत न्यायची, आणि स्क्रीनवर फोकसमधल्या कडांना रंग चढला की थांबायचं.

पुण्यातल्या फुले मंडईची इमारत १८८६ ची. बाहेरच्या बाजूला निळ्या ताडपत्र्या ताणलेल्या असतात. त्यांच्याखाली सगळा माल निळसर पडतो. मेथी मरगळलेली दिसते, टोमॅटो जांभळट. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते भाजीवर पिवळा दिवा टांगतात. फोटोत दोन्ही उजेड एकत्र येतात. ऑटो व्हाइट बॅलन्स त्यांच्यात गोंधळतो, म्हणून मी तो हातानं दिव्याच्या उजेडाला जुळवतो. भाजी ताजी दिसते, मागची ताडपत्री गर्द निळी होते.

‘मावशी, एक फोटो काढू का?’

‘काढ की. पण आधी जुडी घे.’

जुडी घ्यायची, पैसे द्यायचे, मग रिंग फिरवायला घ्यायची. फोकस जमेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात मावशी फोटोसाठी आणलेलं हसू आवरतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला शेपू देऊ लागतात. त्याच वेळी मी शटर दाबतो. चटकन फोकस होणाऱ्या लेन्सनं मला ते आणलेलं हसू मिळालं असतं. या लेन्सच्या संथपणामुळे त्यांचं काम मिळतं.

फोन माझ्याही खिशात असतो आणि त्यानं घरातले फोटो सर्वांच्या आवाक्यात आणले, हे मोठंच काम झालं. पण फोन अनेक फोटो एकत्र करून अंधारलेले कोपरे उजळवतो. खिडकीचा तिरपा उजेड आणि फडताळाखालचा काळोख यांच्यातलं अंतर तो मिटवून टाकतो. आईचं स्वयंपाकघर मला अंधाऱ्या कोपऱ्यांसकट हवं आहे, कारण ती त्यातच चाळीसेक वर्षं काम करते आहे.

नवशिके मला विचारतात, कोणता कॅमेरा घेऊ? मी सांगतो, परवडेल ती जुनी बॉडी घ्या आणि एफ/१.८ ची एक लेन्स घ्या. सेकंडहँड लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा. कोळिष्टकासारखं काही दिसलं तर परत ठेवा. छिद्राच्या पात्यांना तेल लागलेलं नको, रिंग अडखळायला नको. मग पहिलं वर्ष डोंगर, किल्ले, सूर्यास्त यांच्या मागे न लागता घरात काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढा. आधी त्यांना विचारा, नाही म्हणाली तर थांबा. जे बरे येतील ते छापून घ्या आणि मागे नाव, जागा, वर्ष लिहा. किल्ले आणखी शंभर वर्षं तिथेच असतील, त्यांचे फोटो काढायला लोकही पुष्कळ आहेत. तुमच्या आईच्या ओट्यापाशी मात्र तुम्हीच उभे राहू शकता, आणि त्यासाठी लागणारी लेन्स आता परवडते.