अंगण झाडून ठेवा

पैसे मोजून सल्ला घ्यायचा असला की माणूस कसा शिस्तीत वागतो! डॉक्टरकडे जाताना जुने कागद पिशवीत घालतो, वकिलाकडे जाताना तारखा पाठ करतो. सल्ला फुकट असला की मात्र तोच माणूस दोन शब्दांत मोकळा होतो.

आमच्या बोर्डीतल्या चिकूवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. त्यात अण्णा आहेत. चाळीस वर्षं वाडी केलेला माणूस. कुणाच्याही झाडाचं दुखणं विचारा, उत्तर देणार. घेणार काही नाही. आणि त्यांना येणारे प्रश्न? पहाटे सव्वापाचला, ‘चिकू गळतायत. अर्जंट.’ बस्स! अहो, चिकू गळायला कारण का एक असतं? पाऊस आहे, बुरशी आहे, बी पोखरणारी अळी आहे. झाड केवढं, कधीपासून गळतंय, फळ फोडून पाहिलंत का, हे सगळं अण्णांनी एकेक करून विचारायचं. दुपारी फोटो येतो. त्यात मालकाचा अंगठा स्पष्ट, चिकू अंधूक. अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर नुसती दोन प्रश्नचिन्हं येतात; जणू अण्णांनी उसने पैसे बुडवलेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूवाल्यांच्या प्रश्नांना मिळायला अजून अवकाश आहे.

खरं तर हे बोर्डीला कुणी शिकवायला नको. १९४५ साली ताराबाई मोडकांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली आणि तिची अंगणवाडी झाली. मदत करणारा आपल्या दारापर्यंत चालत येतो, हे या गावानं पाहिलेलं आहे. पण म्हणून केरसुणीही त्यानंच आणायची का? निदान अंगण तरी आपण झाडून ठेवावं!

झाडायचं म्हणजे फार काही नाही. काय दिसलं आणि काय करून पाहिलं, ते आधीच सांगावं. हाच प्रश्न मागे कुणी विचारलाय का, ते चाळावं. उत्तराला उशीर झाला तर समोरच्यालाही घरदार आहे, हे आठवावं. आणि मुख्य म्हणजे, पुढे काय झालं ते कळवावं. फळं टिकली तरी, गळली तरी.

हे शेवटचं कुणी करत नाही. गेल्या पावसाळ्यात अण्णा तीन आठवडे गटात गप्प होते. आजारी असतील म्हणून शेजारच्या वहिनी चौकशीला गेल्या. अण्णा म्हणाले, “तब्येत ठणठणीत आहे हो. पण इतकी वर्षं सांगतोय, झाड जगलं की मेलं ते एकानं कळवलं नाही. मी चुकीचं सांगून कुणाची वाडी घालवत असलो तर?”

वहिनींनी ते गटात जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळपर्यंत जुन्या-जुन्या झाडांची खुशाली येत राहिली. काही झाडं गेलीही होती. तेही लोकांनी सांगितलं. एकानं फोटो पाठवला. त्यात चिकू अगदी स्पष्ट होता.