मृगाचा बाण आणि वळणारं आकाश

मृग नक्षत्र उगवताना नीट पाहा. हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे पूर्वेला जवळजवळ उभे असतात; तेच तारे पश्चिमेला मावळायला आले की बरेच आडवे झालेले दिसतात. आकाश ध्रुवाभोवती फिरतं आणि आपण मात्र वर-खाली क्षितिजावरून ठरवतो, म्हणून हे घडतं. आल्ट-अझिमुथ दुर्बीणही क्षितिजालाच बांधलेली. ती आडवी फिरते आणि वर-खाली होते. एवढ्या दोन हालचालींत ती तारा चौकटीच्या मध्यावर पक्का धरून ठेवते, पण त्याच्याभोवतीचं आकाश वळतच राहतं. नुसतं पाहणाऱ्याला त्याचा त्रास नाही. कॅमेरा लावला की मधला तारा टिंबासारखा येतो आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांच्या कमानी होतात. ट्रॅकिंग कितीही उत्तम असो, हे फील्ड रोटेशन चुकत नाही.

त्याचा वेग काढणं सोपं आहे. ताशी 15 अंशांना आपल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, मग उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोसाइनने गुणायचं आणि ताऱ्याच्या उंचीच्या कोसाइनने भागायचं. नेमक्या पूर्वेला आणि पश्चिमेला उत्तर शून्य येतं. डोक्यावर, खमध्याजवळ, ते भडकतं. आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका वेग वाढतो.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. वस्तू सर्वांत उंच असताना फोटो काढावा, कारण तेव्हा मध्ये हवा कमी असते, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ध्रुवाकडे अक्ष रोखलेल्या माउंटसाठी तो योग्यच आहे. पण मृगातला तेजोमेघ लंडनहून दक्षिणेला सर्वांत उंच असतो तेव्हा क्षितिजापासून जेमतेम 33 अंशांवर असतो आणि चौकट ताशी 11 अंश वळते. पुण्यातून तोच तेजोमेघ 66 अंशांवर चढतो आणि वळण ताशी 35 अंशांवर जातं. कृत्तिका तर आपल्या माथ्यापासून सहाएक अंशांवरून जातात. त्या क्षणी वेग ताशी 140 अंशांच्या पुढे असतो. तिकडचा एक्स्पोजर इथे जसाच्या तसा चालणार कसा?

आता हे पिक्सेलमध्ये मोजू. 1920 × 1080 पिक्सेलच्या सेन्सरवर मध्यापासून कोपरा सुमारे 1100 पिक्सेल दूर असतो. पुण्यातून तेजोमेघ दक्षिणेला पूर्ण वर आलेला असताना 30 सेकंदांत कोपऱ्यातला तारा पाच-सहा पिक्सेल सरकतो, 10 सेकंदांत दोनच. म्हणून छोटे एक्स्पोजर घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक फ्रेम फिरवून एकावर एक बसवायची, म्हणजे स्टॅकिंग करायचं. सीस्टारसारख्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी हे आपोआप करतात. या वळण्याचा एक फायदाही आहे, आणि तो मला फार आवडतो: सेन्सरचे ठरावीक डाग दर फ्रेममध्ये आकाशाच्या वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे स्टॅकिंगमध्ये ते विरून जातात. मात्र फ्रेमच्या आत ओढला गेलेला तारा कोणतंही स्टॅकिंग पुन्हा गोल करत नाही.

मोठ्या वेधशाळांनी यावर यंत्राचाच उपाय केला आहे. जुन्नरजवळच्या गिरवलीतली, आयुका या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीण आल्ट-अझिमुथच आहे. तिथे मागची उपकरणंच आकाशाच्या चालीने फिरवली जातात. हौशी माणसाला वेज, म्हणजे पाचरीसारखी तिरकी बैठक, लावून अक्ष ध्रुवाकडे कलवता येतो. पण आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून 18-19 अंशांवरच. दुर्बीण इतकी ओणवी होते की वजन तिकाटण्याबाहेर जाऊ लागतं, आणि ध्रुवतारा बरेचदा डोंगराआड किंवा धुरकटात हरवलेला असतो. ज्याला प्रत्येक वेळी सामान पाठीवर घेऊन गडावर चढायचं आहे, त्याने वेजच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याने दिशा निवडावी. मृगातला तेजोमेघ पूर्वेला 30 अंशांवर असताना चौकट ताशी फक्त 5 अंश वळते आणि 45 अंशांवर साडेनऊ-दहा. तिथे 30 सेकंदांतही कोपऱ्यातला तारा दीड पिक्सेलच्या आसपासच सरकतो. 30 अंशांवर हवेचा थर माथ्यावरच्या दुप्पट असतो, हे खरं. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ रात्री सह्याद्रीच्या माथ्यावरून ती किंमत मी आनंदाने मोजतो. फिकट झालेला प्रकाश आणखी फ्रेम घेऊन भरून काढता येतो. ओढला गेलेला तारा नाही.

तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर पुणे-नाशिकच्या पट्ट्यात असाल, तर मृगासाठी मध्यरात्रीची वाट पाहू नका. रात्री नऊ ते दहा हा तास पूर्वेला द्या. साडेबाराच्या सुमारास तो दक्षिणेला पूर्ण वर येतो, तेव्हा दुर्बीण दुसरीकडे वळवा. मग पहाटे तीन ते सव्वाचार पश्चिमेला पुन्हा तीच संधी मिळते.