दारावरचा कागद

चौदा दिवसांसाठी लावलेला कागद आमच्या दारावर तीन आठवडे होता. इतकी वर्षं झाली, हा हिशेब अजून डोक्यातून जात नाही.

2020 चा मार्च, करोनाचे दिवस. आईचं वय 81. ठाण्यात ती एकटी, म्हणून 20 मार्चला, शुक्रवारी, पहाटेच गाडी करून तिला मुरुडला आणलं. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत पोचलो. मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. हे दर वेळी सांगावं लागतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; आणि बेने इस्राएल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अलिबाग, रेवदंडा, फार तर पनवेल. आमचे पूर्वज नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले ही आमच्यात चालत आलेली गोष्ट, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव, एवढं बहुतेकांना माहीत असतं. इथे गावात आमचं एकच घर. दापोलीला नोकरी लागली आणि मी इथली झाले. पेसाहच्या सणाला मात्र दर वर्षी ठाण्याला, शाआर हाशामाईममध्ये. 1879 चं सिनेगॉग, बाकांवर ओळखीची माणसं, बाहेर पडल्यावर अर्धा तास कोण कुठे स्थायिक झालं याच्या बातम्या.

त्या वर्षी सिनेगॉगला कुलूप आणि जिल्ह्याच्या सीमा बंद.

शनिवारी सकाळी तिघं-चौघं फाटकाशी आले. कोण, कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहीत नाही. आईच्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारायचा की नाही यावर त्यांच्यातच वाद झाला, आणि शाई आणलेली नाही म्हणून तो मिटला. कागद मात्र लागला. घरातल्या माणसांची संख्या, तारीख, बाहेर पडू नये. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. ठाण्याहून आलो होतो, चौदा दिवस बसायला हवं होतं, बसलो. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जवळजवळ पळायचा, तेही चाललं.

आईला कागद पाहून आजी आठवली. आजी सांगायची, तिच्या लहानपणी पेसाहला बोकडाच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर ठसा उठवत आणि तो दारावर लावत. मिसरात ज्या चौकटींवर रक्त होतं ती घरं मृत्यूने ओलांडली, त्याची खूण. पेसाह म्हणजेच ओलांडून जाणं. आई म्हणाली, “बघ, आपलंही दार ओलांडून जातायत सगळे.” आणि हसली. मला हसू आलं नाही.

4 एप्रिलला चौदा दिवस भरले. मी फोन केला. पहिला म्हणाला, दुसऱ्याला विचारा. दुसरा म्हणाला, तुमचे भरले, आजींचे नाहीत. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो! तिसऱ्याने जरा विचार करून सांगितलं की कागद लावायचा आदेश आला होता, काढायचा आलेला नाही. “मी काढू?” म्हटलं तर, “तुम्ही हात लावू नका, गुन्हा होईल.” लावणाऱ्याला अधिकार आहे, काढणारा कोणी नेमलेलाच नाही, ही काय रीत झाली? रागाच्या भरात मी भावाला फोनवर ‘वाळीत टाकलंय’ असं म्हणाले. नंतर शरमले. वाळीत टाकणं काय असतं ते याच गावाने कर्व्यांना दाखवलं होतं, 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा. आमच्या दारावर फक्त एक कागद होता. पण राग काही त्यामुळे उतरला नाही.

सण बुधवारी, 8 एप्रिलच्या रात्री लागणार होता. मात्सा, म्हणजे सणाच्या न फुगवलेल्या पोळ्या, ठाण्याला मिळायच्या, त्या नाहीत. मग घरीच. तांदळाचं पीठ कोकणात हवं तेवढं, पण मात्सा तांदळाची चालत नाही. कणकेचं एक न फोडलेलं पाकीट होतं. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ फुगायला लागलं असं धरतात. लोखंडी तवा लाल होईस्तोवर तापवला. आई खुर्चीवर भिंतीच्या घड्याळाकडे तोंड करून बसली, मी मळतेय, लाटतेय, काट्याने टोचतेय. “अकरा झाली. हात चालव.” पहिला घाणा तेवीस मिनिटांवर गेला. तो गायीला. दुसऱ्यात चार मात्सा निघाल्या, कडांना करपलेल्या, मध्ये चिवट. काळ्या मनुका उकळून कुस्करून, फडक्यातून गाळून किद्दुशचं, म्हणजे सणाच्या आशीर्वादाचं, शरबत केलं. खजुराचा शिरा केला. आमचा शिरा म्हणजे रव्याचा नाही, खजूर शिजवून आटवलेला पाक. सेदेरच्या, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधीच्या, ताटात लागणाऱ्या कडू पाल्याची पंचाईत होती. शेजारच्या काकींनी गडग्यावर कडुनिंबाचा डहाळा आणि चार गावठी अंडी ठेवली. पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते, त्यांना वाटलं आमचाही पाडवाच. कडुनिंब चालतो का, हे सिनेगॉगच्या हझानसाहेबांना विचारलं नाही. ‘नाही’ म्हणाले असते तर? कोशेर, म्हणजे आमच्या रीतीने, कापणारा इथे कुठला, म्हणून ताटातल्या नळीच्या जागी भाजलेलं बीट.

भाऊ अश्दोदला. तिकडे तर त्या संध्याकाळी देशभर घराबाहेर पडायलाच बंदी. काही रब्बींनी स्क्रीनवरून सेदेर करायला परवानगी दिली होती, मुख्य रब्बींनी ती अमान्य केली. आमच्याकडचा निकाल आईने दिला: सण लागल्यावर फोन नाही. म्हणून सहा वाजता, तिकडचे साडेतीन, बोलून घेतलं आणि फोन कपाटात टाकला.

सगळ्यांत धाकट्याने चार प्रश्न विचारायचे असतात. धाकटी मी, वय 57. 1874 मध्ये पुण्यात मराठी अर्थासह हगादा, म्हणजे सेदेरला वाचायचं पुस्तक, छापला, त्यातल्या चित्रांत नऊवारीतल्या बायका मात्सा करताना दिसतात. आमच्या पुस्तकात चित्रं नाहीत, पण अर्थ मराठीच. आई वाचत होती. मग एलियाहू हन्नबीसाठी दार उघडायची वेळ आली. बाहेर पौर्णिमा, हनुमान जयंतीची, सुपारीच्या झाडांखाली लख्ख उजेड, आणि रस्त्यावर बॅटरी घेऊन गस्तीचा एक पोरगा.

“आजी, दार लावा.”

“येणारा येऊन जाऊ दे,” आई म्हणाली.

“कोण येणार आहे? पास आहे का?”

“त्याला पास लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोघं हजर. हातात वही. रात्री बाहेरून कोण आलं होतं? मी समजावलं. संदेष्टा. अग्नीच्या रथातून आकाशात गेले. दर वर्षी त्यांच्यासाठी पेला भरून ठेवतात. दोघं शांतपणे ऐकत होते. मग एकाने विचारलं, “पण सध्या राहायला कुठे असतात?” आई आतून खो खो हसली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, खात्री होईपर्यंत कागद राहू दे.

देशात कोणाचा विलगीकरणाचा काळ एलियाहू हन्नबींमुळे वाढला असेल तर तो आमचा. आता सांगताना लोक हसतात, मीही हसते. पण त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. इथे बारा वर्षं राहिले होते, त्या दोघांतल्या एकाच्या बहिणीचा अर्ज मी भरून दिला होता.

कागद कोणी काढलाच नाही. खाऱ्या वाऱ्याने एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि 11 तारखेला तो अंगणात पडला.

मे महिन्यात समोरच्या घरात मुंबईहून चाकरमानी आले. दोन पोरं, बाई, म्हातारे सासरे. मी खिडकी लावून घेतली आणि फोन केला: “त्यांच्या दाराला कागद लावलात का?”

संध्याकाळी लावला. चौदा दिवसांनी तो निघाला की नाही, हे पाहायला मी गेले नाही.