सांधा

वेली बांधण्याच्या सुतळीचा कस तिच्या सांध्यात कळतो. सांधा म्हणजे वळता वळता संपत आलेल्या वाखात, अर्थात पानातून किंवा सालीतून सोडवलेल्या तंतूंत, नवा वाख मिसळतो ती जागा. घायपाताचा तंतू साधारण मीटरभरच लांब असल्याने असे सांधे वरचेवर येतात, आणि तो बुडाशी जाड व शेंड्याला बारीक असल्याने बुडाला बूड लागले तर सुतळी फुगते, शेंड्याला शेंडा लागला तर ती तेथे हडकते. म्हणून तंतू दोन-दोन, तीन-तीन करून, बूड-शेंडे उलटसुलट लावून भरावे लागतात आणि सुतळीच्या दोन्ही पदरांचे सांधे एकाच जागी येऊ द्यायचे नसतात, कारण पावसात भिजून जड झालेली तोंडलीची वेल सुतळी नेमकी तेथेच तोडते.

हा सांधा डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याला कळतो. कळव्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत वाख पावसाळाभर नरम राहतो, परंतु वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी व गुळगुळीत झाली की तो चिमटीतून निसटतो आणि भर कमी पडल्याची जाणीव पीळ पुढे गेल्यावर होते. प्रस्तुत लेखकाच्या हाताची आज हीच अवस्था आहे. त्याच्याकडे सुतळी वळायला शिकणाऱ्याचा अंगठा मात्र सांध्याच्या जागी आपोआप थबकतो, आणि ते पाहताना आनंदाबरोबर मत्सरही वाटतो.

बाजारातील यंत्रावरची ज्यूटची सुतळी एकसारखी असते, पण तिला तेलाचा वास येतो. काथ्याचा सुंभ लवकर कुजत नाही, तथापि कोवळे देठ खरवडतो. नायलॉन तर देठात रुततो आणि वेल वाळल्यावरही मातीत उरतो. बैलांचा कासरा, गुरांची दावी, मोटेचा नाडा पुरवणाऱ्या मातंग कारागिरांची विद्या मोटा थांबल्यावर आणि नायलॉन आल्यावर मागे पडली, आणि बांधावरच्या घायपाताच्या जागी तारेची कुंपणे आल्याने वाखही दुर्मीळ झाला. ही हानी केवळ एका धंद्याची नसून बोटांतल्या ज्ञानाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

एका हंगामात कुजून खत होणाऱ्या सुतळीला इतका निर्दोष सांधा लागत नाही, हे खरे आहे. तरीही तो कोणाच्याही बोटाला सापडू नये आणि जाणकाराने मात्र सुतळी हाती घेताच वळणाऱ्याचा हात ओळखावा, ही प्रस्तुत लेखकाची हाव गेलेली नाही, आणि ती जावी असेही त्याला वाटत नाही.