कारवीचा बहर

आमचे वडील शिक्षक होते. सुटीत महाबळेश्वरास गेलो म्हणजे रविवारची उपासना आटोपल्यावर आम्हां भावंडांस रानात फिरावयास नेण्याचा त्यांचा परिपाठ असे. कोळ्याचे जाळे म्हणा, रानफुलाची पाकळी म्हणा, काही नवल दिसले की ते खिशातील घड्याळ काढून पुढे धरीत आणि विचारीत, "हे कोणी केल्यावाचून झाले काय? मग हे फूल?" हा दृष्टांत विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली आपल्या ग्रंथात मांडला होता, हे आम्हांस पुष्कळ पुढे कळले. त्या वयात मात्र देवाच्या अस्तित्वाविषयी याहून अधिक पुरावा हवा तरी कशास, असे आम्हांस वाटे.

पुढे कॉलेजात डार्विनचा १८५९ सालचा ग्रंथ हाती आला. केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना ज्याने पेली मोठ्या आवडीने वाचला, त्यानेच पाकळीचा घाट नि चोचीचा बाक निसर्गाच्या निवडीने हळूहळू कसा घडत जातो, हे दाखवून दिले. घड्याळाचा दृष्टांत तेव्हाच लंगडा झाला. पण श्रद्धा ढळली नाही. ती ढळली पुढे पुष्कळ वर्षांनी, आणि तीही पावसाने. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला, आणि दीडशेच्या सुमारास माणसे चिखलाखाली गेली. फुलाच्या रचनेत देवाचा हात दाखवावा, तर त्या चिखलात कोणाचा हात दाखवावा? वडील तेव्हा हयात नव्हते. असते तरी त्यांस हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नसता.

त्यानंतर काही वर्षांनी सह्याद्रीत कारवी फुललेली आम्ही पाहिली. हे झुडूप सात-आठ वर्षे नुसते पानांनी वाढते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस उतारच्या उतार निळे-जांभळे होतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. बहर सरला की सारी झुडपे एकदमच मरतात. वाळलेली बोंडे तडतडत फुटतात, बी दूर उडते, आणि पावसात त्याच उतारावर नवी रोपे उगवतात. एकाच वेळी इतके बी पडले म्हणजे खाणाऱ्यांची पोटे भरूनही काही उरते, असे याचे एक कारण शास्त्रज्ञ सुचवितात. वाळक्या काठ्या डोंगरातील लोक घरी नेतात, त्यांचा कूड करून वर शेणमाती लिंपतात. मेलेली कारवी अशा रीतीने माणसास आडोसा देते.

तो उतार पाहताना आम्हांस घड्याळ आठवले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने दिलेला गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत आठवला. घड्याळ करणारा घड्याळाच्या बाहेर राहतो. ते बंद पडले म्हणून त्याचे काही जात नाही. आम्ही ज्यास भजतो, तो मात्र स्वतः मरणात उतरला. सृष्टीत त्याची खूण शोधावयाची, तर ती नुसत्या कौशल्यात का शोधावी? जेथे एकाचे सरणे दुसऱ्याचे जगणे होते, तेथे ती शोधावी, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

हा पुरावा म्हणून कोणाही नास्तिकापुढे आम्ही ठेवणार नाही. आणि माळीणच्या एखाद्या मातेस कारवीचा दृष्टांत सांगण्याचे धाडस तर आमच्याने कदापि होणार नाही. ईयोबाच्या ग्रंथात देव वावटळीतून बोलतो. रानगाढव, शहामृग, गरुड एकामागून एक त्याच्यापुढे उभे करितो. पण त्या दुःखिताच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगत नाही. तरीही ईयोब निवतो; कारण उत्तर मिळाले नाही, तरी देव त्याच्याशी बोलला. आमचेही तसेच झाले. प्रश्न होता तेथेच आहे. पण ज्यास तो विचारावयाचा, त्याच्याशी आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

वडिलांचे घड्याळ आता आमच्यापाशी असते. मुलांस रानात नेतो तेव्हा ते आम्ही बरोबर नेतो, परंतु वेळ पाहण्यापुरतेच.