फिरत्या घराची शेगडी

आमच्या हातकणंगल्याला पाहुणे येतात ते रेल्वेने, नाहीतर एस. टी. ने. कोल्हापूरची रेल्वे १८९१ सालची, त्यामुळे स्टेशनवर पिशव्या घ्यायला जाणं इथल्या पोरांच्या अंगवळणीच पडलेलं. पण दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे भावोजी आले ते आपलं घरच घेऊन! जुन्या टेंपोत त्यांनी झोपायला बाकं, पाण्याची टाकी आणि ओट्यात बसवलेली दोन बर्नरची शेगडी करून घेतली होती. सरकारने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे वेड.

दुसऱ्या दिवशी सगळे कुंभोजच्या बाहुबलीला निघालो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि खड्डा आला की ओट्याखाली खडखडाट! कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव, हे मी पोरांना गाडीतच सांगून टाकलं. शिक्षकी सवय, दुसरं काय! १९६३ साली उभारलेल्या बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी शुभ्र मूर्तीपुढे मात्र पोरं आपोआप गप्प झाली.

परतताना एका शेताच्या कडेला चहा ठेवला. बघते तर ज्योत पिवळी आणि पातेल्याचं बूड काळंकुट्ट!

"अक्का, दूध दोनदा उतू गेलं, तेव्हापासून अशीच आहे," जाऊ म्हणाली.

आणि मला खालून बारीकसा वास आला. "नवी शेगडी आहे, वहिनी. तुम्हाला उगीच संशय," भावोजी हसले. मी काही न बोलता सिलिंडर बंद केला आणि सगळी दारं उघडली. चहा घरी येऊन प्यालो.

अंगणात गाडी उभी करून, दारं सताड उघडी ठेवून, नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावला. क्षणभर सिलिंडर उघडला, तर शेगडीखालच्या जोडावर टपोरे फुगे! धक्क्यांनी क्लिप ढिली झाली होती. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. आणि खालच्या बाकावर रात्री कोण झोपायचं? आमची दोन पुतणी. भावोजी पायरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

सकाळी गॅसवाला मेकॅनिक बोलावला. त्याने सिलिंडर बाहेर काढून ठेवला, नळी सोडवली, खालचे स्क्रू काढून शेगडी उचलली. ओट्याच्या त्या खाचेत काय नव्हतं? करपलेलं दूध, पोह्यातली मोहरी, शेंगदाण्याची टरफलं!

मग आम्ही दोघी जावा अंगणात बसलो. मैत्रिणींनो, पितळी बर्नर चिंचेच्या कोळात ठेवले की लखलखतात. भोकं टाचणीने मोकळी करावीत, पण आतल्या जेटच्या बारीक छिद्रात सुई खुपसू नये. ते मोठं झालं तर ज्योत बिघडते. ॲल्युमिनियमच्या भागांना धुण्याचा सोडा नको, ते काळे पडतात. जाळ्या आणि ताटली गरम पाण्यात साबण घालून भिजवाव्यात. सगळं उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवू नये.

मेकॅनिकने नवी नळी आणि क्लिप लावून शेगडी बसवली. पुन्हा फेस लावला, या वेळी फुगा नाही. ज्योत निळीशार. पहिला चहा सासूबाईंना!

घरातली शेगडी एका जागी असते. फिरत्या घरातली मात्र रोज शेकडो हादरे खाते. तेव्हा दर मुक्कामाला जोड तपासायचे, निजताना सिलिंडर बंद करायचा, आणि प्रवासाहून आलं की शेगडी काढून धुवायची, असं जावेने वहीत लिहून घेतलं.

निघताना सासूबाईंनी चकल्यांच्या डब्याबरोबर साबणाची वाटी आणि जुना ब्रशही दिला. रात्री मुक्कामावरून फोन आला, "अक्का, फेस लावून बघितला. आता पोरांना झोपवते."